वाघिणीची वाट कोणी अडवली?

(पुण्यात एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सरत्या वर्षाला निरोप देण्यासाठी शहरातला माणूस हल्ली घरात थांबत नाही. कोणी कोकणचा किनारा गाठतो, कोणी महाबळेश्वर, तर कोणी जंगल. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातही अशीच वर्दळ होती. गोठणगावच्या बाजूला सफारीच्या रस्त्यावर ‘एफ-२’ या क्रमांकाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह आली. तिला पुढे जायचे होते. पण पुढे जिप्सी उभ्या होत्या आणि मागेही जिप्सीच. गाड्यांमधली माणसे उभी राहिली, कॅमेरे सरसावले, भ्रमणध्वनी उंचावले गेले. आई आणि तिची पाच पिले त्या दोन रांगांच्या मध्ये अडकून पडली. पुढच्या काही दिवसांत हे दृश्य चित्रफितीच्या रूपाने घरोघर पोहोचले. वाघीण संयमी निघाली, म्हणून त्या दिवशीची बातमी एवढ्यावरच राहिली.

यानंतर जे घडले ते आपल्या समाजाच्या स्वभावाला धरूनच घडले. संतापाची लाट उसळली. वृत्तपत्रांनी मथळे दिले, समाजमाध्यमांवर ‘यांना जंगलात कायमची बंदी घाला’ येथपासून ‘यांना वाघाच्या पुढ्यात सोडा’ येथपर्यंत शिक्षा सुचवल्या गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्यांवरून जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातच या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि वनखात्याला जाब विचारला. हे योग्यच झाले. वनखात्याने संबंधित जिप्सीचालकांना आणि मार्गदर्शकांना निलंबित केले, दंडही केला. त्याआधी मे २०२४ मध्ये ताडोबातही वाघाची वाट अशीच अडवली गेली होती आणि तेथेही कारवाई झाली होती ती चालकांवर आणि मार्गदर्शकांवर.

प्रश्न असा की, त्या गाड्यांमध्ये चालक आणि मार्गदर्शक एवढेच बसले होते काय? एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. चालकाच्या हातात सुकाणू असते हे खरे, पण गाडी कोणाच्या इच्छेने पुढे सरकते, हे जंगलात एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांच्यावर कारवाईचा पहिला घाव बसला ते जंगलालगतच्या खेड्यांतले तरुण. ज्यांच्या हौसेसाठी गाडी अडवून उभी केली गेली, ते आपल्यासारख्या सुशिक्षित, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या घरांतले. आणि या प्रकरणावर सर्वांत अधिक संतापणारेही याच वर्गातले. गंमत म्हणा की दुर्दैव, पण ज्या चित्रफितीने हा प्रकार उघडकीस आणला, तीही तिथेच उपस्थित असलेल्यांपैकीच कोणीतरी टिपलेली होती.

हा संताप खोटा नाही. पण तो स्वस्त आहे. दुसऱ्याच्या बेशिस्तीवर रागावण्यासाठी काहीच सोडावे लागत नाही. म्हणूनच या विषयाचा विचार वाघिणीपासून नव्हे, तर पुण्यातल्या एखाद्या सुखवस्तू घरातल्या दिवाणखान्यापासून सुरू करणे अगत्याचे आहे.

उन्हाळ्याची सुटी जवळ येते. मुलांच्या परीक्षा संपतात. घरात ठरते, यंदा ताडोबा. काही महिने आधी नोंदणी करावी लागते, ती केलेली असते. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तेथून मोटारीने चंद्रपूरकडे, मग मुक्काम. दोन फेऱ्या सकाळच्या, एखादी दुपारची. प्रवास, राहणे, गाडीचे भाडे, मार्गदर्शकाचे शुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क असा सगळा हिशेब मांडला, तर चौघांच्या कुटुंबाची ही सहल मध्यमवर्गीय खिशाला चांगलीच जाणवते. मग पहाटे साडेपाचला थंडीत कुडकुडत किंवा मे महिन्याच्या झळा सोसत जिप्सीत बसलेल्या कुटुंबप्रमुखाच्या मनात पहिला विचार कोणता येतो? ‘एवढे पैसे खर्च केले आहेत, वाघ दिसला पाहिजे.’ फाटकातून आत शिरताच मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच. ‘काय हो, आज दिसेल ना? काल दिसला होता का? कुठे?’ आणि त्यानंतरचे वाक्य, खिशाकडे हात नेत, ‘दाखवा, तुम्हाला खूश करू.’

हे वाक्य निरुपद्रवी वाटते. आपल्याकडे आनंदाने बक्षीस देण्याची रीत आहे, त्यात गैर काय? पण ते वाक्य कानी पडलेल्या तरुणाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. त्याचे गाव जंगलाच्या कडेला आहे. शेती कोरडवाहू, रानडुकरांनी निम्मी खाल्लेली. पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात बंद. फेरीचे शुल्क ठरलेले आहे, वरकमाई पर्यटकाच्या मर्जीवर आहे आणि मर्जी वाघावर. गाडीतले सहाजण तृप्त होऊन उतरले तर हातात दोन नोटा अधिक पडणार. वाघ न दिसता उतरले तर त्यांचे चेहरे पडलेले, शब्द तुटक. अशा वेळी समोरून दुसऱ्या जिप्सीच्या चालकाने खूण केली, पुढच्या वळणावर वाघीण आहे, की सुसाट निघायचे नाही, वीस मीटरवर थांबायचे, एका वेळी मोजक्याच गाड्या, हे सारे नियम पाठ असूनही तो काय करील? तो नियम मोडतो तेव्हा दोषी तो आहेच. त्याला सोडून द्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नियम मोडण्याचे मोल आधीच मोजून दिलेले असते आणि ते देणारा हात सुशिक्षित असतो.

आता नियमांचे पाहू. देशात कायदा नाही, नियम नाहीत, अशी तक्रार करण्यास फारशी जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात अभयारण्यातील वन्यप्राण्यास कोणी छेडू वा त्रास देऊ नये आणि अभयारण्यात कचरा टाकू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या आहेत. वाघाला डिवचणे हा गुन्हा आणि वेफर्सची पिशवी भिरकावणे ही किरकोळ चूक, अशी जी उतरंड आपल्या मनात असते ती कायद्याच्या मनात नाही. याच कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केली आहे. तिच्यात केवळ मारणे येत नाही. पकडणे, पाठलाग करणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि हाकणे, हे सारे शिकारीतच मोडते. जुन्या काळी हाकारे घालून जनावराला बंदुकीच्या टप्प्यात आणत. आज दोन्ही बाजूंनी इंजिने सुरू ठेवून त्याला कॅमेऱ्याच्या टप्प्यात धरले जाते. गोळी सुटत नाही, हा फरक मोठाच आहे. पण मनोवृत्ती तपासून पाहिली तर इंग्रज साहेबाने मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढून घेतलेले छायाचित्र आणि वाघिणीला पार्श्वभूमीला घेऊन काढलेले आजचे छायाचित्र यांत नाते नाही, असे म्हणवत नाही. (आपले संस्थानिकही त्या साहेबांच्या मागे नव्हते, हेही येथेच नोंदवून ठेवावे.)

२०१२ मध्ये एक वेळ अशी आली होती की, सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनच थांबवले. जुलैमध्ये आलेली ती बंदी ऑक्टोबरमध्ये उठली, ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर. गाभा क्षेत्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे, दोन गाड्यांत ५० मीटर अंतर असावे, प्राण्याला घेरू नये, हे तेव्हाच लिहून ठेवलेले आहे. म्हणजे कऱ्हांडल्यात जे घडले त्याला ‘घेरणे’ हे नाव आणि त्यावरची मनाई बारा वर्षे आधीच कागदावर होती. ताडोबाने २०१८ च्या अखेरीस सफारीत भ्रमणध्वनी नेण्यास बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्राच्या पर्यटन विभागात भ्रमणध्वनी वापरू न देण्याचे आणि रात्रीचे पर्यटन पूर्ण बंद ठेवण्याचे निर्देश दिले. ज्या गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनी नजरेच्या एका इशाऱ्याने सांगायच्या, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सांगाव्या लागल्या. दुसऱ्याच्या दारात गेल्यावर आवाज खाली ठेवावा, यासाठी खरे तर निकालपत्राची आवश्यकता पडू नये.

‘पण वाघाला याचे काय? त्याला सवय झालेली असते’, असे अनेकदा सांगितले जाते. वाघ गाड्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, हे खरे. पण ढुंकून न पाहणे म्हणजे त्रास न होणे नव्हे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी बांधवगड आणि कान्हा येथील वाघांच्या विष्ठेचे नमुने तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यटन सुरू असलेल्या काळात वाघांच्या शरीरातील ताणाशी निगडित संप्रेरकांचे प्रमाण पर्यटन बंद असलेल्या काळापेक्षा अधिक आढळले आणि त्याचा संबंध गाड्यांच्या संख्येशी लागला. चेहऱ्यावर न दाखवता सोसणारी माणसे आपल्या घरांतही असतात. त्यांच्या मौनाचा अर्थ जसा ‘सवय झाली आहे’ असा लावला जातो, तसाच हा प्रकार. बछडी असलेल्या वाघिणीचे तर आणखी वेगळे. दीड-दोन वर्षे तिला पिलांसाठी शिकार करायची असते, परक्या नरापासून त्यांना जपायचे असते. रस्ता ओलांडताना एखादे पिलू अलीकडे आणि ती पलीकडे राहिली, तर त्या ताटातुटीची जबाबदारी कोणत्या तिकिटावर लिहायची?

आणि सवय झाली हे क्षणभर खरे मानले, तरी ती सवय कोणाला महाग पडू शकते? पर्यटक पुण्याला परततो. जंगलाकाठचा माणूस तेथेच राहतो. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही परिसरात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकल्या. त्या दुर्घटनेचा आणि पर्यटनाचा थेट संबंध जोडणे न्यायाचे होणार नाही; त्या स्त्रिया पोटासाठी रानात गेल्या होत्या आणि त्यामागची कारणे वेगळी आहेत. मात्र माणसाची जवळीक अंगवळणी पडलेला वाघ हा ज्या स्त्रीला पहाटे पानांसाठी वाकावे लागते तिच्यासाठी कौतुकाचा विषय नसतो, एवढे गाडीतल्या माणसाच्या ध्यानी असावे. ताडोबाच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे उठून बाहेर वसली. देव, शेत, पूर्वजांच्या खुणा मागे ठेवून वाघासाठी जागा मोकळी करून देणारे लोक एकीकडे आणि वाघिणीला रस्ता ओलांडण्यापुरती जागा न देणारे दुसरीकडे. यांतले अधिक सुसंस्कृत कोण, हे ठरवण्यासाठी पदवीची प्रमाणपत्रे उपयोगी पडत नाहीत.

ताडोबा हे नाव तरी कोठून आले? परंपरा अशी सांगते की, तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला. गोंड बांधवांनी तलावाकाठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाण मांडले, तो देव झाला, तलाव त्याच्या नावाचा झाला आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेही त्याच नावाने. पौष महिन्यात तेथे जत्रा भरत असे. ज्या वाघाने आपला प्रमुख मारला त्या वाघाचा नायनाट करावा, असे त्या समाजाला सुचले नाही. माणूस देव झाला आणि वाघ वाघच राहिला. दोघांचीही जागा जंगलात कायम राहिली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरभागात जा. आपण पुण्यात ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच तिथीला तेथील वनवासी बांधव वाघबारस पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात, आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नकोस अशी विनवणी करतात. एकच तिथी, खाली गाय पुजली जाते, वर डोंगरात तिला खाऊ शकणारा वाघ. यात जो तोल आहे तो कोणत्याही पर्यावरण-परिषदेच्या ठरावात सापडणे अवघड.

पुण्याच्या शेजारची देवराई हा याच समजुतीचा दुसरा आविष्कार. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून तो जगापुढे ठेवला. देवाच्या रानातली वाळकी काडीही घरी न्यायची नाही, हा तेथील दंडक. पहारेकरी नव्हता, कुंपण नव्हते, पावती फाडणारा नव्हता. तरीही राने टिकली, कारण आत पाऊल टाकणाऱ्याला आपण कोणाच्या घरात शिरत आहोत हे माहीत होते.

येथपर्यंत ऐकताना सर्वांना बरे वाटते. आपली संस्कृती निसर्गपूजक, आपण झाडाला देव मानतो, नागाला दूध पाजतो, वाघ देवीचे वाहन. वन वाघाला राखते आणि वाघ वनाला, हे विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेले वचन वनखात्याच्या फलकांवरही असते. पण पूर्वजांच्या पुण्याईवर किती काळ जगायचे, हाही प्रश्न स्वतःला विचारायला हवा. भीमाशंकरचे उदाहरण घ्या. ज्योतिर्लिंगाचे स्थान, भोवती १९८५ पासून अभयारण्य, महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच झाडीत. तेथे जाणारा कोणी उडाणटप्पू पर्यटक नसतो, श्रद्धेने आलेला भाविक असतो. त्याच श्रद्धावान हातांनी पाण्याच्या बाटल्या, फराळाच्या पिशव्या, माकडांपुढे फेकलेली बिस्किटे मागे राहतात. महादेवाला पशुपती म्हणायचे आणि त्याच्या पशूंना प्लास्टिक खाऊ घालायचे, ही भक्ती कोणत्या शास्त्रात बसते? घाटातल्या माकडांना खाऊ देणे हे तर अनेकांना पुण्यकर्म वाटते. ती माकडे मग रस्त्याच्या कडेलाच बसू लागतात, गाड्यांखाली येतात, हातातल्या पिशव्या हिसकावू लागतात आणि शेवटी ‘माकडांचा उपद्रव’ म्हणून त्यांच्याच विरुद्ध अर्ज दिले जातात.

कास पठाराचेही तसेच. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि सप्टेंबरमधला प्रत्येक रविवार तेथे जत्रेचा झाला. बोटाच्या पेराएवढ्या फुलांवर आडवे होऊन छायाचित्रे काढणारे लोक पाहिले की, फुले पाहायला आले आहेत की स्वतःला, असा प्रश्न पडे. दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली. कुंपण घातले गेले, त्याने गुरांचे चरणेही थांबले आणि फुलांचे गणित बिघडल्याची तक्रार होऊन ते पुढे काढलेही गेले. बेशिस्तीवरचा उपायही कधी कधी निसर्गाला महाग पडतो, तो असा. मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाची या बाजूला काजवे पाहायला रात्री मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचे चमकणे ही नर-मादीची एकमेकांना दिलेली साद असते. तिच्यावर मोटारीच्या दिव्यांचा झोत टाकला तर पाहायला आलेली गोष्टच आपल्या हाताने विझवली जाते. याहून अधिक काय सांगावे?

मग पर्यटन बंदच करावे काय? कऱ्हांडल्याच्या प्रकारानंतर असे म्हणणारे पुष्कळ निघाले. हे मत प्रामाणिक असले तरी अविचारी आहे. जंगलाकाठच्या तरुणाला पर्यटनातून चार पैसे मिळतात म्हणून तो वाघ जिवंत असण्यात स्वतःचे हित पाहतो. ती चूल विझली तर शिकारी टोळ्यांना वाट दाखवणारा हातही तेथेच तयार होईल. शिवाय ज्या समाजाने जंगल पाहिलेच नाही तो समाज जंगल वाचवण्यासाठी उभा राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील तीन दशकांहून अधिक सेवेत जंगल वाचले, वनवासींकडून त्याचे शब्द गोळा केले आणि मराठी वाचकाला दिले. २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, १८ जूनला त्यांचे निधन झाले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले. या लेखकांची पुस्तके ज्या घरांत आहेत तेथल्या मुलांना जंगल म्हणजे केवळ वाघ नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तके नसलेल्या घरांत मात्र सफारीहून परतलेल्या मुलाला ‘काय पाहिलेस?’ असे विचारले तर तो म्हणतो, ‘काही नाही, वाघ दिसलाच नाही.’ चार तास तो गवे, चितळे, रानकुत्री, सर्पगरुड, मोहाची झाडे, भुत्याचे पांढरेफटक खोड यांच्यामधून फिरून आलेला असतो आणि त्याने काही पाहिलेले नसते. हा दोष मुलाचा नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या संदर्भात एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. दुसऱ्या अधिकरणात तो दोन प्रकारची मृगवने सांगतो. एक राजाच्या विहारासाठी. त्याला एकच द्वार, भोवती खंदक, आत गोड फळांची झाडे, माणसाळलेली हरणे आणि नखे व दाढा मोडलेले हिंस्र पशू. राजाला मजेत हिंडता यावे, जनावर जवळून पाहता यावे आणि भीतीही नसावी. दुसरे मृगवन राज्याच्या सीमेवर किंवा जमिनीच्या सोयीने वसवावयाचे आणि तेथे सर्व प्राणी अतिथी. पुढे अभयवनातील पशुपक्ष्यांना मारणाऱ्याला जबर दंडही तो सांगतो. दोन्ही वने त्याला ठाऊक होती आणि त्यांची गल्लत त्याने केली नाही. आजचा पर्यटक तिकीट काढतो दुसऱ्या वनाचे आणि अपेक्षा ठेवतो पहिल्याची. वाघ मोकळा हवा, पण समोर यायला हवा. रानटी हवा, पण घेरल्यावर गुरगुरता कामा नये. नखे-दाढा मोडलेला वाघ त्याला हवा असतो, फक्त ते त्याला उघडपणे म्हणवत नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो कुटुंबात काय करायचे याचा. संघटनेच्या कामात एक गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. शिस्त फलकाने येत नाही, पहिल्या माणसाच्या वागण्याने येते. रांगेत पहिला नीट उभा राहिला की मागचे आपोआप उभे राहतात. जिप्सीतही असेच आहे. सहा जणांपैकी एकाने, शक्यतो वयाने मोठ्या व्यक्तीने, फाटकावरच मार्गदर्शकाला सांगावे, ‘दादा, वाघ दिसला नाही तरी चालेल. तुम्हाला जे द्यायचे ते आम्ही देणारच आहोत. गाडी नियमाने चालवा आणि तुम्हाला ठाऊक असलेले जंगल आम्हाला दाखवा.’ ते बक्षीस फेरी सुरू होण्यापूर्वीच हातात ठेवले तर अधिक उत्तम. वाघ आणि पैसा यांमधली गाठ तेथल्या तेथे सुटते. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो आणि तो बोलू लागतो. कोणत्या झाडाचा डिंक, कोणत्या पक्ष्याचा इशारा, वाघाने नख्या घासलेले खोड कोणते, त्याच्या आजाने अस्वल कोठे पाहिले होते. हे ज्ञान कोणत्याही शुल्कात बसत नाही आणि ते विचारणारे पर्यटक त्याला क्वचितच भेटतात.

पुढे वाघ दिसलाच आणि गाड्यांची झुंबड उडाली, तर त्याच व्यक्तीने चालकाला ‘मागे घ्या, तिला जाऊ द्या’ असे म्हणावे. गाडीतले इतर पाच जण नाराज होतील. त्यांत आपली मुलेही असतील, ती रुसतील. हा रुसवा सोसण्याची तयारी असेल तरच कऱ्हांडल्याच्या पर्यटकांवर रागावण्याचा अधिकार सांगावा. दुसऱ्या गाडीने वाट अडवली असेल तर तिचा क्रमांक टिपून फाटकावरील वनाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. चित्रफीत देशभर फिरवण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, त्यात नाव होत नाही, परतीच्या गाडीची वेळही होत आलेली असते. पण निलंबनाचा आदेश निघतो तो अशा कागदावरून आणि त्या कागदात चालकाबरोबर पर्यटकांच्या वर्तनाचाही स्पष्ट उल्लेख करता येतो. पर्यटकाची ओळख नोंदणीच्या वेळी घेतलेलीच असते. घेरण्यास भाग पाडणाऱ्या पर्यटकालाही काही वर्षे प्रवेश नाकारला जावा, अशी मागणी समाजातूनच, विशेषतः पुण्या-मुंबईच्या पर्यटकवर्गातूनच पुढे आली पाहिजे. वन्यजीवप्रेमी संस्थांनी ती लावून धरावी, सहली नेणाऱ्या व्यावसायिकांनी आपल्या माहितीपत्रकातून ‘हमखास व्याघ्रदर्शन’ हे शब्द आजच काढून टाकावेत. ज्यांच्या पत्रकात ते असतील, त्यांच्याकडे येत्या उन्हाळ्याची नोंदणी करू नये.